दोन पिनांचा पेहराव

नोकरीत असताना भाऊजी इमारतींच्या लिफ्ट तपासत. दोर झिजलाय का, दार नीट मिटतंय का, ब्रेक वेळेवर लागतोय का, हे स्वतः आत उभं राहून, खाली-वर करून बघायचं आणि मगच सही ठोकायची. त्यांची सही होईपर्यंत भल्याभल्यांना जिने चढावे लागत. त्यातून त्यांच्या अंगात एक खोड मुरली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही: वापरून बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. नवी छत्री आणली की ते ती आधी नळाखाली धरत. नवी खुर्ची आली की बसण्याआधी तिच्यावर उभे राहत.

संसारात त्यांच्या वाट्याला दोन बहिणी आल्या होत्या. एक बायको आणि दुसरी मेहुणी. बायकोला धाकटी बहीण ‘ताई’ म्हणायची, आणि धाकटीचा आवाजच असा खणखणीत की हळूहळू सगळी इमारत भाऊजींच्या बायकोला ताई म्हणायला लागली. ताई विणकर होती. एका कार्यशाळेत ती हातमागावर लोकरीच्या शाली विणायची आणि दुपारी शिकवायची. धाकटी संग्रहालयात जुन्या कपड्यांचा विभाग सांभाळायची. एकीचा जीव नव्या कापडात, दुसरीचा जुन्या. दोघींचं लहानपणापासून एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. ज्या दिवशी झालं, त्या दिवशी भाऊजींच्या घरातला टीव्ही जागचा हलला.

त्याचं असं झालं. एका रविवारी सकाळी धाकटी खांद्यावर जुना पडदा टाकून घरात शिरली आणि म्हणाली, “भाऊजी, जरा उभे राहा.”

“का गं?”

“आधी उभे राहा, मग सांगते.”

बायकोच्या माहेरच्या माणसानं उभं राहा म्हटलं की कारण विचारत बसायचं नसतं, एवढं शहाणपण भाऊजींना लग्नाच्या पहिल्याच वर्षी आलं होतं. ते उभे राहिले. धाकटीनं पडद्याची वरची कड बाहेरच्या बाजूला दुमडली, पडदा त्यांच्या भोवती एका बाजूनं गुंडाळला, दोन्ही खांद्यांवर दोन मोठ्या पिना टोचल्या आणि कमरेला दोरी बांधली. मग चार पावलं मागे सरून तिनं डोळे बारीक केले.

“ताई, बघ गं!”

ताई स्वयंपाकघरात लोकर रंगवत होती. लालभडक हात पुढे धरून ती दारात आली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मागून लोंबतंय.”

“ते पोटामुळे. पोटानं पुढचं वर उचललंय.”

“मग तेवढं लांब विणायला हवं.”

“विणशील?”

“विणते की.”

झालं एकमत. भाऊजी पडद्यात उभेच.

पडद्यातून सुटका झाल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला. धाकटीच्या संग्रहालयात वीतभर उंचीची मातीची एक बाई होती. प्राचीन ग्रीक बाई, अडीच हजार वर्षांपूर्वीची. डोकं कधीच हरवलेलं, पण अंगावरचा कपडा शाबूत, चुणीन् चुणी दिसणारा. त्या कपड्याला पेप्लोस म्हणायचे. लोकरीचा एकच चौकोनी तुकडा, ना कातरायचा ना शिवायचा. वरून दुमडायचा, अंगाभोवती घ्यायचा, खांद्यावर दोन पिना, कमरेला पट्टा. येत्या प्रदर्शनात त्या बाईशेजारी तसाच खराखुरा पेहराव मांडायचं धाकटीच्या मनात होतं. तोही बाजारच्या कापडाचा नाही. त्या काळच्यासारखाच उभा माग उभारायचा आणि त्यावर विणायचा.

“बाईमाणसाची वस्तू ना ही?” भाऊजींनी विचारलं. “मग माप माझं कशाला?”

“माझे हात रंगात आहेत,” ताई म्हणाली.

“आणि मला लिहून घ्यायला लागतं,” धाकटी म्हणाली. “शिवाय ती बाई अंगानं भरलेली आहे, भाऊजी. तुमचा घेर तिच्याशी बरोबर जुळतो.”

लग्नात पत्रिका जुळल्यावर होतो तसा आनंद घेर जुळल्यावर काही भाऊजींना झाला नाही.

माग कुठे उभारायचा हा पुढचा प्रश्न. संग्रहालयाच्या कामाच्या खोलीचं छत ठेंगणं, कार्यशाळेत जागा नाही. राहता राहिली भाऊजींच्या दिवाणखान्यातली टीव्हीची भिंत. दोन उंच खांब भिंतीला तिरके टेकवले गेले, त्यांच्या माथ्यावर आडवा दांडा बसला, दांड्यावरून लोकरीचे उभे धागे खाली सोडले आणि प्रत्येक जुडग्याच्या टोकाला ताईनं स्वतः भाजलेलं मातीचं वजन बांधलं. धागे ताणून धरायचं काम त्या वजनांचं. टीव्ही समोरच्या कोपऱ्यात गेला आणि भाऊजींची खुर्ची भिंत आणि माग यांच्या मधल्या सांदीत. आता त्यांना सामना बघायचा तर धाग्यांच्या पडद्याआडून बघावा लागे. सगळे खेळाडू तुरुंगात असल्यासारखे दिसत.

तेही त्यांनी सोसलं असतं. पण विणताना धाग्यांची मागची रांग पुढे आणि पुढची मागे अशी सतत बदलायची, आणि प्रत्येक वेळी वजनं एकमेकांवर आपटून असा खडखडाट व्हायचा की जणू शेजारी कुणी कपबशांचं दुकान हलवतंय. एका संध्याकाळी सामना रंगात आला होता. ताई चहा करायला उठली. भाऊजींनी हळूच सुतळी घेतली आणि मागच्या रांगेतली सगळी वजनं एकमेकांना घट्ट बांधून टाकली. तपासणीही केली. माग हलवून बघितला, चिडीचूप. समाधानानं ते पुन्हा सांदीत जाऊन बसले.

ताईनं परत येऊन रांगा बदलायची दांडी ओढली. बांधलेली सगळी वजनं एका सुरात, एका जथ्यानं पुढे आली आणि माग भिंतीपासून सुटून सलाम करावा तसा वाकला. ताईनं छातीनं तो अडवला. पलीकडून भाऊजींनी दोन्ही हात लावले. धाग्यांतून नवरा-बायकोची नजरानजर झाली.

“अहो.”

“आवाज होत होता गं.”

“आता माझा ऐका.”

तो पुढे बराच वेळ ऐकावा लागला. सामन्याचा निकाल त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळला.

तरी कापड वाढत होतं. खालून वर नव्हे, वरून खाली. ताईचे हात आयुष्यभर बाणा, म्हणजे आडवा धागा, स्वतःकडे खेचून ठोकायला सरावलेले. इथे लाकडी पट्टीनं तो वर ठोकायचा. पहिले काही दिवस तिचे खांदे भरून आले. पण हळूहळू तिला लय सापडली आणि ती गुणगुणायला लागली. भाऊजींना हे मनापासून आवडलं, कारण ताई गुणगुणत असली की घरात आमटीभाजीला चव असते असा त्यांचा अनुभव होता. धाकटी रोज संध्याकाळी यायची, बोटांनी कापड चाचपायची, “छान, छान” म्हणायची आणि आपली वही काढायची.

एके दिवशी मात्र ती “छान” म्हणाली नाही. तिनं फीत काढली. वर धरली, खाली धरली, परत वर धरली.

“ताई, कापड आत आलंय.”

“कुठे आत?”

“दोन्ही कडांनी. वर आहे त्याच्यापेक्षा खाली चांगलं दोन विती अरुंद झालंय. तू बाणा फार ओढतेस.”

“मी ओढते? लोकर कुणी निवडली? मी सांगत होते जाड घे, जाड घे. तुलाच ती बारीक हवी होती.”

“बारीकच होती त्या काळी!”

“मग त्या काळच्या बाईला बोलव विणायला.”

“उसवावं लागेल,” धाकटी म्हणाली.

मागाची वजनं हलायची थांबली. भाऊजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, कारण खरी चुरस आता मागापाशीच होती.

“उसवीन,” ताई सावकाश म्हणाली, “पण आधी तुझ्या त्या डोकं नसलेल्या बाईला डोकं लाव. मग उसवीन.”

त्या दिवसापासून अबोला. धाकटी तरीही यायची, कारण प्रदर्शन तोंडावर आलं होतं. ताई तरीही विणायची, कारण हाती घेतलेलं अर्धं सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. बोलणं सगळं भाऊजींमार्फत.

“भाऊजी, ताईला सांगा, काठाची नक्षी एक बोट वर हवी.”

“अहो, तिला सांगा, मला दिसतंय.”

“भाऊजी, विचारा, दिसतंय तर केली का नाही?”

“अहो, सांगा—”

“दोघी एकाच खोलीत आहात,” भाऊजी कळवळून म्हणाले. “मला मध्ये तारघर उघडायला लावू नका.”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये लोकर. कापड पुरं झालं, मागावरून उतरलं, कोमट पाण्यातून निघून सावलीत वाळलं, तरी गाठ सुटेना. धाकटीचं म्हणणं, खाली निमुळता होत गेलेला असला पेहराव घालून कुणाला चालता येणार नाही, प्रदर्शनात तो ठेवला तर हसं होईल. ताईचं म्हणणं, येईल. शेवटी धाकटी म्हणाली, “भाऊजी, ताईला सांगा, उद्या दुपारी मी संचालकबाईंना घेऊन येते. त्या बघतील आणि ठरवतील. ठेवायचं की रद्द करायचं.”

भाऊजींना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. संचालकबाई हो म्हणाल्या तर धाकटी हरणार, नाही म्हणाल्या तर ताई. कुणीही हरलं तरी तारघर काही बंद होणार नव्हतं. आणि मग त्यांच्या डोक्यात जुना निरीक्षक जागा झाला. दोघी बहिणी भांडतायत ते चालता येतं की नाही यावर. अरे, पण चालून कुणी बघितलंय का?

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पाहुण्यांसाठी काहीतरी आणायला बाहेर पडली. दार बंद झाल्याची खात्री करून भाऊजींनी वरचे कपडे उतरवले, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर पेप्लोस चढवला, खांद्यावर दोन पिना लावल्या, पट्टा आवळला आणि आरशापुढे उभे राहिले.

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. लोकर अंगाला ऊब देत होती, तरी एका बाजूनं उघडी असल्यामुळे हवा खेळत होती. गुडघ्यांना तर इतकं सुख गेल्या कित्येक हिवाळ्यांत मिळालं नव्हतं. खोलीत ते इकडून तिकडे चालले. चालता येत होतं. पाऊल जरा आखूड पडे, इतकंच. खुर्चीवर बसून बघितलं, उठून बघितलं, वाकून पडलेली पिशवी उचलून बघितली. सगळं ठीक. आता उरला जिना. जिन्याशिवाय तपासणी पुरी कशी म्हणायची?

दुपारच्या वेळी इमारत सुस्त असते. भाऊजी दाराबाहेर आले, दोन्हीकडे बघितलं आणि जिना चढू लागले. पहिल्याच पायरीला कापडानं नडग्या धरल्या. त्यांनी उजव्या हातानं मांडीजवळ कापड मुठीत धरून वर उचललं आणि मग झपाझप वरच्या मजल्यावर पोचले. “चढतं,” ते स्वतःशीच म्हणाले. पण उतरायला वळले तर पुढे पोट, पोटापुढे चुण्या, चुण्यांपुढे काहीच दिसेना. पाय कुठे आहे हे फक्त पायालाच ठाऊक. एक पायरी त्यांनी अंदाजानं घेतली, कठडा पकडला आणि विचार केला, या वयात अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कपड्यानं हाड मोडलं तर डॉक्टरला काय सांगायचं? तेवढ्यात मागे वळून बघताना वरच्या मजल्यावरची लिफ्ट दिसली. आयुष्यभर लिफ्टवर सही केलेला माणूस. ते आत शिरले.

इमारतीतली लिफ्ट जुन्या पद्धतीची होती: प्रत्येक मजल्यावर बाहेरचं दार, आत सरकती जाळी. भाऊजींनी आपल्या मजल्याचं बटण दाबलं. नेमकं त्याच क्षणी तळमजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली, आणि ती जुनी असल्यामुळे तिनं आतल्या माणसापेक्षा बाहेरच्याचं ऐकलं. लिफ्ट हलली. पाठीमागून कुणीतरी पदर धरावा तसं काहीतरी ओढलं गेलं.

भाऊजींनी वळून बघितलं. पेप्लोसची मागची कड वरच्या मजल्याच्या बाहेरच्या दारात अडकली होती. लिफ्ट खाली चालली होती. कापड वर.

“दार मिटताना कपडा आत घ्यावा” ही सूचना त्यांनी आपल्या हातानं शेकडो लिफ्टमध्ये लावून घेतली होती. त्यांनी लाल बटण दाबलं. लाल बटण त्यांच्या बोटाबरोबर आत गेलं आणि आतच राहिलं. लिफ्ट काही थांबली नाही. हे बटण बदला म्हणून त्यांनी स्वतः इमारतीच्या लोकांना चारदा सांगितलं होतं, पण आता कुणाला सांगणार? कड गुडघ्यांच्या वर गेली, मग कमरेच्या वर. पट्टा बरगड्यांत रुतला. ओढावं तर ताईचं कापड फाटणार. न ओढावं तर आपण लटकणार. त्या क्षणी भाऊजींच्या डोळ्यांपुढे स्वतःचा जीव आला नाही, ताईचा चेहरा आला.

त्यांनी पट्टा सोडला. एका हातानं एका खांद्याची पीन उपसली, दुसऱ्या हातानं दुसरी. शिवण नाही, गुंडी नाही, बाजू उघडी. पेप्लोस एका क्षणात पुन्हा चौकोनी कापड झालं, त्यांच्या अंगावरून सळसळत जाळीच्या फटीतून वर गेलं आणि दिसेनासं झालं.

लिफ्ट तळमजल्यावर थांबली. बाहेरचं दार उघडलं. समोर धाकटी, तिच्याशेजारी करड्या सुटातल्या संचालकबाई आणि दोघींच्या मागे, हातात पिशवी घेऊन, नुकतीच पोचलेली ताई.

आत भाऊजी. बनियन, अर्धी चड्डी, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात दोन पिना.

भाऊजींनी, कामाच्या ठिकाणी साहेब आल्यावर उभं राहावं तसं ताठ उभं राहून सांगितलं, “कापड सुखरूप आहे. वरच्या मजल्यावर आहे.”

“अहो!” ताईनं हातातली पिशवीच त्यांच्यापुढे धरली, तिनं काय झाकणार होतं ते तिलाच ठाऊक.

“हे माझे भाऊजी,” धाकटी कशीबशी म्हणाली.

“अस्सं,” संचालकबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा थरथरला, मग दुसरा, आणि मग त्या लिफ्टच्या दाराला धरून इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला.

सगळे जिन्यानं वर धावले. वाटेत ताईनं घरातून आपला लांब कोट आणून भाऊजींना चढवला. वरच्या मजल्यावर दाराच्या फटीतून पेप्लोस आतल्या बाजूला, अंधारात लोंबत होता. दार कसं उघडायचं ते भाऊजींना नेमकं ठाऊक होतं. दार किलकिलं होताच दोघी बहिणी एकदम झेपावल्या आणि दोन बाजूंनी कापड वर ओढून घेतलं. जमिनीवर पसरलं. गुडघे टेकून बोटांनी चाचपायला लागल्या.

“तुटलाय का गं कुठे?” धाकटीनं विचारलं.

“तुटेल कसा? मी विणलाय.”

“काठ बघ ना पण.”

“बघतेय. एक धागा ओढला गेलाय. सुईनं बसवते.”

“दे, मी धरते.”

भाऊजी कोटात उभे राहून ऐकत होते. तारघर बंद झालं होतं. त्यांनी आवाज न करता एक लांब श्वास सोडला.

“पण मला एक सांगा,” संचालकबाई त्यांच्याकडे वळल्या, “तुम्ही इतक्या पटकन त्यातून निघालात कसे?”

“दोन पिना आणि एक पट्टा. तेवढंच आहे त्यात.”

“आणि चालता येत होतं?”

“चालता येतं. बसता-उठता येतं. जिना चढताना उजव्या हातानं असं धरावं लागतं.” त्यांनी मांडीजवळ कोट मुठीत धरून दाखवला. “उतरताना मात्र अडतं.”

धाकटीची मान झटकन वर झाली. मातीच्या बाईचा उजवा हात बरोबर तसाच होता. मांडीजवळ, मुठीत कापड. त्या हातावर धाकटीनं प्रदर्शनासाठी भलामोठा परिच्छेद लिहिला होता: देवापुढे नम्रता व्यक्त करणारी ही मुद्रा, वगैरे.

“ती कदाचित पायरी चढत असेल,” ताई म्हणाली.

“एका माणसाच्या एका जिन्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, ताई. हे म्हणजे सुतावरून स्वर्ग.”

“मग दुसरा माणूस चढव.”

धाकटीनं पेप्लोस उचलला. कपड्यांवरूनच तो गुंडाळला, पिना लावल्या आणि ती जिना चढली. तिलाही कापड धरावं लागलं, पण तिनं डाव्या हातानं धरलं. मग ताई चढली. तिनं दोन्ही हातांनी धरलं. मग संचालकबाई म्हणाल्या, “आणा इकडे,” आणि सुटावरून पेप्लोस घेऊन त्या चढल्या, आणि उतरल्यासुद्धा, कठड्याला न धरता, कारण त्यांना पोट नव्हतं. भाऊजींनी हे जरा मनाला लावून घेतलं. जिन्यात बराच वेळ ही वर्दळ चालली. खालचे एक गृहस्थ भाजी घेऊन आले, त्यांनी वाट मोकळी होईपर्यंत थांबून बघितलं आणि काहीही न विचारता घरात गेले.

“काहीच सिद्ध झालं नाही,” धाकटी शेवटी धापा टाकत म्हणाली. पण परिच्छेदातली नम्रता तिनं खोडली आणि तिथे लिहिलं: ‘हाताच्या मुद्रेचा अर्थ निश्चित नाही.’

संचालकबाईंनी मात्र दोन गोष्टी पक्क्या केल्या. पेप्लोस प्रदर्शनात येणार, आणि काचेच्या पेटीत नाही. लोकांसमोर तो घालायचा, काढायचा, चौकोन करून दाखवायचा आणि परत घालायचा. “मला लिफ्टमध्ये जे कळलं ते लोकांना कळलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “अर्थात, लिफ्ट वगळून.”

घालायला संग्रहालयाच्या तिकीटखिडकीवरची मुलगी ठरली, उंच आणि शेलाटी. उद्घाटनाच्या सकाळी तिला पेप्लोस नेसवला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. वर कापड तिच्याभोवती दोन वेढे घेत होतं, खाली अर्ध्या नडगीवरच संपत होतं. दिव्याच्या खांबाला कुणी गोधडी गुंडाळावी तसं दिसत होतं. मुलगी बिचारी स्वतःच म्हणाली, “मी तिकिटंच देते ना.”

धाकटीनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी मागे सरून भिंत गाठली.

“नाही,” धाकटी म्हणाली, “पुरुषाला चालणार नाही. जिन्यात ठीक होतं, इथे इतिहास आहे.” मग ती ताईकडे वळली. आजवर ती ताईला सांगत आली होती, सुनावत आली होती. विचारल्याचं भाऊजींच्या आठवणीत नव्हतं. आता तिचा आवाज एकदम लहान झाला. “ताई, तू घालशील?”

“मी? मी कधी चार माणसांपुढे उभी राहिले नाही.”

“उभं नाही राहायचं. चालायचं.”

ताई आत गेली. बाहेर आली तेव्हा भाऊजी चष्मा पुसायला लागले. वाटलं होतं त्याच्या उलटंच झालं होतं. धाकटीला खुपलेलं ते खालचं अरुंद कापड ताईच्या भरल्या अंगावर घोट्याशी अलगद जुळलं होतं, चुण्या सरळ रेषेत पडल्या होत्या, आणि लाल काठ तिच्या प्रत्येक पावलाबरोबर हलत होता. ताई पाऊल आखूड टाकत होती, त्यामुळे तिच्या चालण्याला एक ऐट आली होती.

“बघ,” ती धाकटीला म्हणाली, “चालता येतं.”

“येतं,” धाकटी म्हणाली. “तरी खाली अरुंदच आहे.”

“आहेच. पुढच्या वेळी बाणा सैल सोडीन.”

हे ताईच्या तोंडून ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते फक्त भाऊजींना कळलं.

दिवसभर लोक आले. आत साधा लांब झगा घातलेली ताई चौथऱ्यावर चढे, भाऊजी सुटाबुटात शेजारी उभे राहून पिना काढून देत, कापड उलगडून चौकोन करत, परत तिच्या खांद्यावर लावत. एका आजींनी विचारलं, “शिवण कुठे आहे?” ताई म्हणाली, “नाही.” “चेन?” “नाही.” “मग पडत कसं नाही?” “तुम्हीच हात लावून बघा.” एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, “अशी चादर आमच्याकडे आहे.” त्यांना ताईनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “घेऊन या की. तुम्हालाही नेसवू.” ते पुढच्या दालनात निघून गेले. दुपारपर्यंत ताईचा संकोच पार पळाला होता. मातीच्या बाईबद्दल ती लोकांना अशी सांगत होती जणू त्या दोघी एकाच आळीत राहतात. धाकटी दोनदा पुढे होऊन म्हणाली, “याला पुरावा नाही, ताई.” तिसऱ्यांदा तिनं नाद सोडला.

संध्याकाळी दिवे मालवायला लागले. शेवटचा माणूस गेला. ताई चौथऱ्याच्या कडेवर टेकली आणि पाय चोळू लागली.

“काढ आता,” धाकटी म्हणाली. “संग्रहालयाची वस्तू आहे.”

“जरा बसू दे. ऊब आलीय आत्ता कुठे.”

धाकटी तिच्या शेजारी बसली. दालन गार पडलं होतं. ताईनं पेप्लोसच्या उघड्या बाजूची घडी सोडवली आणि तिच्या गुडघ्यांवर घातली.

“ताई, ताणला जाईल.”

“गप बस.”

“आता पुरुष काय नेसायचे ते बघायला हवं,” धाकटी म्हणाली. “तेही लोकरीचंच असायचं. पण त्याला पिनासुद्धा नव्हत्या. नुसतं अंगाभोवती घ्यायचं आणि डाव्या हातानं धरून ठेवायचं.”

“म्हणजे डावा हात कामातून गेला,” भाऊजी म्हणाले.

“किती रुंद?” ताईनं विचारलं.

दोघींची रुंदीवरून जुंपली. पहारेकरी दाराशी किल्ल्या वाजवत उभा होता. भाऊजी त्याच्याकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “थोडा वेळ द्या. बऱ्याच दिवसांनी थेट एकमेकींशी भांडतायत.”